सीडी १० पॉझिटिव्ह म्हणजे दहावी स्टेज नव्हे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या आरोग्याच्या पानावर खाली कोपऱ्यात एक चौकट आली होती, लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरवर, त्यात असं वाक्य होतं की सीडी १० हे कॅन्सरच्या पेशीवर सापडणारं एन्झाइम आहे आणि ते पॉझिटिव्ह आलं की निदान पक्कं. हे अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यापायी आमच्या घरात मागच्या वर्षी एक आख्खी रात्र कोणाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, तेव्हा तुमची चौकट नव्हती पण कोणीतरी मोबाइलवर असंच काहीतरी वाचून दाखवलं होतं, म्हणून हे लिहायला बसलो. लांबलंच तर कापा, फक्त नंबर प्लेटचं उदाहरण आहे ते तेवढं ठेवा.

मी अमळनेरला ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. डॉक्टर नाही, तसा आवही आणत नाही. पण या एका एन्झाइमने आमच्या घरातल्या तीन माणसांची गाठ घेतली, चार वर्षांचा भाचा, वर्षाची पुतणी आणि शहात्तर वर्षांचे नाना, तेव्हा मला ते बळजबरीनेच शिकावं लागलं.

आधी भाच्याचं सांगतो. पोरगं पंधरा दिवस तापाने फणफणत होतं, पाय दुखतात म्हणून रात्री रडायचं, नडगीवर निळे डाग, आणि चेहरा असा पांढराफटक की आमच्या शेजारच्या काकू म्हणल्या याला नजर लागली. इथल्या डॉक्टरांनी रक्त बघितलं आणि एका वाक्यात सांगितलं, इथे थांबू नका. खान्देश एक्स्प्रेसने बांद्रा आणि तिथून परळला टाटा हॉस्पिटल. तिथे बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, तपासायला काढला आणि चार दिवसांनी रात्री साडेदहाला बहिणीच्या मोबाइलवर पीडीएफ आला, तीन पानं, सगळी इंग्रजीत, आणि मधोमध ठळक अक्षरात सीडी १० ब्राइट पॉझिटिव्ह. तिने मला फोन केला, आवाज फुटत नव्हता, म्हणे, "दादा, दहावी ष्टेज शे का रे?"

मी काय सांगणार? मलाही तेव्हा माहीत नव्हतं. जावईबापू म्हणत होते की दहापैकी दहा म्हणजे काही राहिलंच नाही. आणि कोणीतरी पाहुण्याने मोबाइलमध्ये बघून सांगितलं की हे कॅन्सरचं एन्झाइम आहे. ती रात्र तशी गेली. सकाळी ओपीडीतल्या डॉक्टरीण बाईंनी तो कागद बघून सांगितलं की ताई, या आजारात हे दिसलं ते बरं झालं, हा नेहमीचा प्रकार आहे, याच्यावर ठरलेली ट्रीटमेंट आहे. बहीण म्हणाली, मॅडम मग दहा कसले? तर तो नुसता नंबर आहे!

तर आता नंबरचं. सीडी म्हणजे क्लस्टर ऑफ डिफरन्सिएशन, १९८२ साली पॅरिसला शास्त्रज्ञ जमले आणि पेशींच्या अंगावर जी जी खूण अँटीबॉडीने, म्हणजे एकच नेमकी खूण ओळखून तिला चिकटणाऱ्या प्रोटीनने, ओळखता येते तिला नंबर द्यायची पद्धत सुरू झाली. सीडी ४, सीडी ८, सीडी १०, सीडी १९. मोठा नंबर म्हणजे वाईट असं काही नाही. आपल्याकडे गाड्यांना एमएच १९ असतं, धुळ्याला एमएच १८, नंदुरबारला ३९, तसंच हे. चोपड्याच्या रस्त्यावर एमएच १९ दिसली तर कोणी ढुंकून बघत नाही, तीच गाडी रात्री दोनला कोणाच्या शेतात विहिरीच्या मोटरीजवळ उभी दिसली तर माणूस बॅटरी घेऊन बाहेर येतो. प्लेट तीच, जागा आणि वेळ बघायची असते. सीडी १० चं शंभर टक्के असंच आहे.

कारण हे एन्झाइम माझ्या अंगात आहे, तुमच्या अंगात आहे, वाचणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात आहे. किडनीत आणि लहान आतड्यात आतून जी मखमलीसारखी लव असते तिथे ते ठासून भरलेलं असतं, मेंदूत असतं, फुप्फुसात असतं, रक्तातल्या पिकलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींवर असतं, आणि बोन मॅरोत ज्या बी-लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी अजून लहान आहेत, शिकाऊ म्हणा, त्यांच्यावर असतं. पुढे पेशी मोठी होऊन रक्तात उतरते तेव्हा ही प्लेट काढून ठेवते. भाच्याच्या आजारात, म्हणजे बी-सेल ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या ब्लड कॅन्सरात, याच शिकाऊ पेशी मोठ्या व्हायचंच विसरतात आणि वाढतच सुटतात, प्लेट तशीच अंगावर. म्हणून ती दिसते. एन्झाइमने कॅन्सर केला असं नाही, पेशी कोणत्या इयत्तेत अडकली ते त्यावरून कळतं. या वयातल्या बहुतेक मुलांत ती पॉझिटिव्हच असते, आणि उलट वर्षाच्या आतल्या तान्ह्या बाळांना होणारा जो चिवट प्रकार आहे त्यात बऱ्याचदा ती निगेटिव्ह येते. म्हणजे आमची बहीण जे वाचून रडली त्याच्या उलटं असतं तर जास्त काळजी होती! आता हे पीडीएफवर कुठे लिहिलेलं असतं?

आता हे एन्झाइम करतं काय ते थोडं. त्याला नावं चार आहेत आणि तोच सगळा घोळ. डॉक्टर लोक नेप्रिलायसिन म्हणतात, जुन्या पुस्तकात न्यूट्रल एंडोपेप्टिडेज, दुखण्यावर काम करणारे एन्केफॅलिनेज, आणि ल्युकेमियावाले सीडी १० किंवा काला (सीएएलएलए, इंग्रजी नावाची आद्याक्षरं). गंमत म्हणजे ही चार नावं एकाचीच आहेत हे पंधराएक वर्षं कोणाला माहीत नव्हतं. १९७४ मध्ये इंग्लंडात लीड्सला केर आणि केनी या दोघांनी सशाच्या किडनीतून एक एन्झाइम वेगळं काढलं जे इन्सुलिनची एक साखळी कापायचं. १९७५ मध्ये लंडनला ग्रीव्हज यांच्या टीमने ल्युकेमियाच्या पेशी सशाला टोचून त्याच्या रक्तातून अँटीबॉडी मिळवली, ती मुलांच्या ल्युकेमियाच्या पेशींना बरोबर चिकटायची, त्या खुणेला काला नाव पडलं. १९७८ मध्ये पॅरिसवाल्यांनी मेंदूत एन्केफॅलिन, म्हणजे दुखणं दाबणारा शरीराचाच पदार्थ, कापणारं एन्झाइम सांगितलं. आणि १९८८-८९ मध्ये जीन वाचून झाल्यावर कळलं की तिन्ही ठिकाणी सापडलेलं एन्झाइम एकच. दोन्ही वेळा ससाच होता आणि त्या सशाला विचारलं असतं तर त्याने आधीच सांगितलं असतं, असं मी वर्गात म्हणतो, पोरं हसत नाहीत.

काम असं की शरीरात निरोप पाठवायला छोटे छोटे पेप्टाइड सुटतात, अमिनो ॲसिडच्या आखूड माळा, कोणी सांगतं दुखणं कमी कर, कोणी सांगतं नस सैल सोड, कोणी किडनीला सांगतं मीठ-पाणी बाहेर टाक. निरोप पोचला की तो पुसावा लागतो. गावात ग्रामसभेची नोटीस लागते, सभा होऊन जाते, पण कोतवालाने नोटीस फाडलीच नाही तर पुढच्या महिन्यात एखादा आप्पा सतरंजी घेऊन देवळात येऊन बसायचा. नेप्रिलायसिन हा तो कोतवाल. पेशीच्या अंगावर बाहेरच्या बाजूने रोवलेला, साडेसातशेच्या आसपास अमिनो ॲसिडचा ऐवज, त्यातलं जेमतेम शेपूट आत आणि बाकी धड बाहेर, पोटात झिंकचा एक अणू, त्या झिंकच्या जोरावर तो पाण्याचा रेणू वापरून माळ तोडतो. पण तोंड लहान. कुट्टी मशीनमध्ये कडब्याचं धाट जातं, बाभळीचं खोड जात नाही, तसं मोठं प्रोटीन त्याच्या तोंडात शिरतच नाही, चाळीसेक अमिनो ॲसिडच्या आतबाहेरची माळ असेल तर कापतो. एन्केफॅलिन, ब्रॅडीकायनिन, सबस्टन्स पी, हृदयातून सुटणारं एएनपी, हे सगळे त्याचं गिऱ्हाईक. मेंदूत साचणारं अमायलॉइड बीटासुद्धा तो कापतो, अल्झायमरवाले त्यासाठी त्याच्या मागे आहेत, जपानमध्ये ज्या उंदरांत हे एन्झाइमच काढून टाकलं त्यांच्या मेंदूत अमायलॉइड वाढलेलं दिसलं.

आता पुतणीचं, ते थोडक्यात आहे. मागच्या उन्हाळ्यात तिला जुलाब लागले, दिवसातून बारा-पंधरा वेळा. वहिनी बसली ओआरएस पाजत, झिंकचं सिरप होतंच, आणि डॉक्टरांनी सोबत एक पुडी दिली, रेसकॅडोट्रिल. मी पुडीवरचं वाचलं आणि उडालोच, कारण हे औषध म्हणजे त्याच कोतवालाला आतड्यात काही तास बांधून ठेवायचं. आतड्यातलं एन्केफॅलिन मग फाडलं जात नाही, ते पेशीला सांगत राहतं की पाणी सोडू नको, जुलाबाचं पाणी कमी होतं. आतड्याची हालचाल ते थांबवत नाही, हा त्याचा चांगुलपणा, मोठ्यांच्या त्या जुलाब-बंद गोळ्या थांबवतात आणि म्हणून त्या लेकरांना द्यायच्या नसतात. अर्थात पुडी ही जोडीला, खरं काम ओआरएसच करतं, वहिनीने चमच्या-चमच्याने पाजलं म्हणून पोरगी उठून बसली. (कोणी म्हणेल एन्झाइमच्या पोटात झिंक आणि सिरपपण झिंकचं, तर काही संबंध असेल. तसं जोडू नका, ते वेगळ्या कारणाने देतात.)

नानांचं मात्र सविस्तर सांगायलाच पाहिजे कारण तिथे परत एकदा आमचं रिपोर्टवरून रामायण झालं.

नानांचं हार्ट दोन वर्षांपासून कमजोर आहे, पायावर सूज, जिना चढले की दम. डॉक्टरांनी त्यांची जुनी एनालाप्रिल बंद करून सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन सुरू केली. यातलं सॅक्युबिट्रिल काय करतं? कोतवालाला बांधतं! मीठ-पाणी बाहेर टाका आणि नसा सैल सोडा हा हृदयाचाच निरोप, तो लवकर फाडला गेला नाही तर हृदयावरचा बोजा हलका होतो. २०१४ ला पॅराडाइम-एचएफ नावाच्या ट्रायलचा निकाल आला, आठ हजारांवर पेशंट, त्यात आपल्या देशातलेही होते, आणि एनालाप्रिलशी तुलना करता हृदयविकाराने मरण किंवा हार्ट फेल्युअरने ॲडमिट होणं हे वीस टक्क्यांनी कमी झालं. २०२३ नंतर आपल्याकडे जेनेरिक कंपन्यांच्या गोळ्या आल्या, नाहीतर आधी किंमत ऐकूनच माणसाला दम लागायचा.

तर झालं असं की गोळी सुरू होऊन दीडेक महिना झाला आणि चुलतभावाने हौसेने जाऊन नानांची बीएनपी टेस्ट (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणाऱ्या पेप्टाइडची) करून आणली, कुठल्या लॅबमध्ये ते जाऊ द्या. आकडा आधीपेक्षा वर. वर म्हणजे हार्ट आणखी बिघडलं, असं त्याच कागदाच्या खाली छापलेलं. सगळे गोळीच्या मागे लागले, ही बंदच करा. पण बीएनपी हे स्वतःच कोतवालाच्या हातून फाडलं जाणारं पेप्टाइड आहे, कोतवाल बांधलेला असताना ते मोजलं तर वर येऊ शकतं, त्याचा अर्थ हार्ट बिघडलं असा होईलच असं नाही. अशा पेशंटची एनटी-प्रोबीएनपी करायची असते, बीएनपी तयार होताना सुटणारा तो दुसरा तुकडा, तो हे एन्झाइम कापत नाही. ती केली, तो आकडा खाली आलेला. एक दिवस जरी उशीर झाला असता ना तर नानांनी गोळी फेकून दिली असती, ते तसेही निमित्तच शोधत होते.

आणि दुसरी गोष्ट, जी मी हात जोडून छापायला सांगतो. एनालाप्रिल, रामिप्रिल अशा '-प्रिल' वाल्या गोळीनंतर ही नवी गोळी सुरू करायला ३६ तास मध्ये जावे लागतात, उलट जातानाही तसंच, आणि दोन्ही एकत्र तर कधीच नाही. नाना म्हणजे जुनं पाकीट संपवायचंच, पैसे दिलेत ना त्याचे. दोन्ही औषधं ब्रॅडीकायनिनचं फाडणं थांबवतात, एका वेळी दोन्ही घेतली तर ते साचून ओठ, जीभ, घसा सुजू शकतो, श्वास अडकतो. ओमापॅट्रिलाट नावाचं एक औषध असं दोन्ही कामं एकाच गोळीत करायचं, २५ हजारांवर लोकांवर त्याची तपासणी झाली तेव्हा शंभरात दोघांहून जास्त लोकांना ही सूज आली, एनालाप्रिलवाल्यांत शंभरात एकाहून कमी, आणि ते औषध बाजारात आलंच नाही. मी नानांच्या उशाखालचं एनालाप्रिलचं पाकीट गुपचूप काढून घेतलं, अजून त्यांना माहीत नाही. बहुतेक आता हे छापून आल्यावर कळेल.

कोणी विचारेल की मग मेंदूतलं अमायलॉइड कापणारा कोतवाल बांधला तर विसरभोळेपणा नाही का येणार? आमच्याही डोक्यात आलं होतं, नाना चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधतात. तर तीन वर्षं लक्ष ठेवून केलेल्या एका ट्रायलचा निकाल २०२२ मध्ये आला, त्यात नुसत्या वल्सार्टनवाल्यांपेक्षा बुद्धीत-आठवणीत फरक दिसला नाही. चष्म्याचं नानांचं जुनंच आहे.

आता हे एन्झाइम शोधतात कसं, कारण चौकटीत 'रक्ततपासणीत कळते' एवढं लिहून सोडून दिलं होतं. भाच्याची जी झाली ती फ्लो सायटोमेट्री. बोन मॅरोतल्या पेशींना चमकणारा रंग लावलेली अँटीबॉडी चिकटवतात, मग पेशी एकामागे एक लेझरसमोरून जातात, टोलनाक्यावर गाड्या जातात तशा, आणि मशीन प्रत्येकीची प्लेट वाचतं. एकट्या सीडी १० वर कोणी निकाल देत नाही, सोबत सीडी १९, सीडी ३४, सीडी ४५ असं आख्खं पॅनेल असतं, कोणती प्लेट कोणत्या प्लेटबरोबर आणि किती उजळ, यावर सगळं. गाठीचा तुकडा असेल तर स्लाइडवर अँटीबॉडी टाकून तपकिरी रंग आणतात, लिम्फोमात, किडनीच्या गाठीत, लिव्हरमध्ये, प्रत्येक ठिकाणी त्या रंगाचा अर्थ वेगळा. पण हे झालं प्लेट वाचणं, इंजिन चालू आहे का ते यात कळत नाही. एन्झाइम खरंच कापतं का ते बघायचं तर एक छोटं पेप्टाइड घेतात, त्याच्या एका टोकाला चमकणारा रेणू आणि दुसऱ्या टोकाला ती चमक दाबून धरणारा, मधून तुटलं की चमक मोकळी. मग थायॉर्फन, म्हणजे नेप्रिलायसिनला बांधणारं रसायन, टाकतात, चमक वाढायची थांबली तर समजायचं की कापणारं नेप्रिलायसिनच होतं, दुसरं कोणी नाही. हे माझ्या विषयातलं म्हणून मला इतकं आवडलं की बारावीच्या वर्गात तासभर यावरच बोललो, पोर्शन राहिला.

आणि भाच्याचं पुढचं. पहिला महिनाभराचा किमो झाला, परत बोन मॅरो, आणि त्यात एमआरडी म्हणजे दहा हजारांत एक पेशी जरी वाईट उरली असली तरी शोधायची टेस्ट. ती चांगली आली. पण पुढे काही महिन्यांनी एका रिपोर्टात परत ओळ आली, सीडी १० पॉझिटिव्ह पेशी दिसतात. बहिणीने या वेळी फोन केला तेव्हा रडत नव्हती. तिने विचारलं, "दादा, ह्या शिकाऊ का त्या अडकेल?" बरोबर प्रश्न! किमोनंतर मॅरो नव्याने भरायला लागतो तेव्हा चांगल्या शिकाऊ पेशी भराभर तयार होतात, लहान मुलांत तर जास्तच, त्यांना हिमॅटोगोन म्हणतात, आणि त्यांच्याही अंगावर सीडी १० असतंच. वाईट पेशी सगळ्या एकाच इयत्तेत गठ्ठ्याने दिसतात, चांगल्या पहिली ते चौथी अशा पायरीपायरीने. तिथल्या पॅथॉलॉजिस्टनी तो फरक ओळखून खाली बारीक अक्षरात लिहिलंही होतं, हिमॅटोगोन, पण ते इंग्रजीत आणि बारीक, आणि पॉझिटिव्ह मात्र ठळक.

२०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या गावात ९७ वं साहित्य संमेलन झालं, त्याच साली ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे आम्हीपण वाटले. पण लॅबच्या कागदावर मराठीत एक ओळ, 'हा नंबर स्टेज दाखवत नाही, डॉक्टरांना भेटा', एवढी कोणाला छापता येत नाही. मोठ्या हॉस्पिटलांना मी काय सांगणार, ते हजारो पेशंट सांभाळून राहिले. निदान आपल्या खान्देशातल्या लॅबवाल्यांनी आपापल्या कागदावर टाकावी. आणि आपण पेपरवाले, आपण दुरुस्तीची चौकट छापावी ही विनंती, त्याच जागी, त्याच आकाराची, म्हणजे ज्यांनी ती वाचली त्यांच्या नजरेला ही पडेल.

मजकूर मी दोनशे शब्दांत लिहून देतो, पैसे नकोत. फोटो मात्र बदला, मागच्या वेळी चौकटीत रक्तातल्या लाल पेशींचं चित्र टाकलं होतं आणि सीडी १० त्यांच्यावर नसतंच.

आपला एक वाचक,
अमळनेर, जि. जळगाव